पिवळ्या पिनेनंतरचं काम

लग्नाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटींचं करायचं काय, हा प्रश्न मावळातल्या बऱ्याच घरांत आहे. कॅसेट माळ्यावर असते, लावायला प्लेयर नसतो. प्लेयर मिळाला तर तो फीत खातो. यावर दोन मतं ठाम आहेत. एक म्हणतं, असेल नसेल ते सगळं संगणकावर घ्या. दुसरं म्हणतं, एवढा खटाटोप करून बघणार कोण? ही मतं समोरासमोर बसवायला इथे दोन माणसं रचली आहेत. एक लोणावळ्याजवळच्या औंढ्यातले काका, 1990 च्या दशकात लग्नांचं शूटिंग करणारे. दुसरी त्यांची पुतणी, पुण्यात संगणकाचं काम करणारी. काकांच्या कपाटात गिऱ्हाइकांनी कधीच न नेलेल्या कॅसेटी पडून आहेत. माणसं कल्पनेतली असली तरी यंत्रं आणि त्यांच्या खोडी खऱ्या आहेत.

काका: हे कपाट रिकामं करायचंय मला. भंगारवाल्याला बोलावलंय.

पुतणी: काका, त्यात लोकांची लग्नं आहेत!

काका: लग्नं लोकांच्या घरी आहेत. नांदतायत, त्यांच्या पोरांचीही लग्नं झाली. ज्यांना कॅसेट हवी होती ते घेऊन गेले. ज्यांनी नेली नाही त्यांची बाकी राहिली होती, म्हणून तोंड चुकवत होते.

पुतणी: तेव्हा पैसे नव्हते म्हणजे आता नकोच आहे, असं कसं? तुमचा प्लेयर चालतो का?

काका: चालतो, पण चित्र वर-खाली उड्या मारतं. आणि बिघडला तर पुढं काय? पार्ट मिळत नाहीत.

पुतणी: म्हणून तर घाई करायला हवी. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी जपानची फुनाई. 2015 साली तिनं साडेसात लाख व्हीसीआर विकले होते, तरी जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. सुटे भाग मिळेनासे झाले होते. म्हणजे आज जगात जेवढे प्लेयर चालू आहेत, तेवढेच आपले. चुंबकीय फितींवरचं काम 2025 च्या आसपासपर्यंत उरकलं नाही तर पुढं यंत्रं आणि ती चालवणारी माणसं दोन्ही मिळणार नाहीत, असा इशारा युनेस्कोच्या मदतीनं ध्वनी-चित्र संग्रहालयांच्या संघटनेनं दिला होता. तो काळ आला. चालू प्लेयर आणि तो चालवणारा माणूस या खोलीत आहे, एवढं तरी बघा.

काका: मला संग्रहालयात बसवू नकोस. जोडायचं कसं ते सांग. लॅपटॉपला बाजूला एचडीएमआयचं भोक आहे, त्यात जाईल?

पुतणी: ते भोक चित्र बाहेर पाठवायचं, आत घेत नाही. मध्ये यूएसबीचं कॅप्चर यंत्र लागतं. तुमच्या प्लेयरच्या मागे ‘आउट’ लिहिलेली भोकं आहेत. पिवळ्यातून चित्र, पांढऱ्या-लालमधून आवाज. प्लेयर मोनो असेल तर आवाजाची एकच पिन. या तारा कॅप्चरच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल भोकांत आणि कॅप्चर लॅपटॉपच्या यूएसबीत. मग ओबीएस किंवा व्हर्च्युअलडब असा फुकट मिळणारा प्रोग्राम उघडायचा, पद्धत पाल निवडायची, चौकट 720 बाय 576, सेकंदाला 25 फ्रेम. चुकून अमेरिकेची एनटीएससी पद्धत निवडली तर चित्र काळं-पांढरं येतं नाहीतर गोल फिरत राहतं. मग प्लेयरवर प्ले, इकडे रेकॉर्ड.

काका: झालं की मग. एवढ्यासाठी पुण्याहून आलीस?

पुतणी: झालं म्हणता, पण तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. ही फाइल नाही, की कॉपीला टाकली आणि जेवायला गेलो. समोर बसावं लागतं.

काका: ते मला नको शिकवू. कॅसेट ते कॅसेट कॉपी काढण्यात माझ्या रात्री गेल्यात. आता माझं ऐक. तू तारा जोडशील, पण चित्र उडतंय त्याचं काय करशील?

पुतणी: ट्रॅकिंगचं बटण फिरवू.

काका: ते तर फिरवायचंच, पण आधी काय चाललंय ते समजून घे. फीत अर्ध्या इंचाची. ती सेकंदाला जेमतेम 23 मिलिमीटर सरकते. एवढ्या सावकाश फितीवर चित्र मावणार नाही, म्हणून आतला ड्रम फिरतो; 62 मिलिमीटरचा, मिनिटाला 1,500 फेरे. त्याच्यावर दोन हेड. दोघं मिळून फितीवर तिरक्या रेघा ओढतात, एका फेऱ्यात एक फ्रेम. वाचतानाही हेड त्याच रेघेवरून जायला हवं. ज्या कॅमेऱ्यानं रेघ ओढली त्याचा ड्रम थोडा इकडे-तिकडे असला की दुसऱ्या प्लेयरवर चित्राच्या खालच्या बाजूला पट्टे येतात. तेव्हा ट्रॅकिंग. पट्टे जात नसतील तर हेडवर घाण बसलीय. आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ चामड्याचा तुकडा किंवा साधा कागद. तो हेडवर आडवा धरायचा आणि ड्रम हातानं फिरवायचा. वर-खाली घासलंस तर हेड गेलं. कानातला कापूस तर अजिबात नाही, त्याचा धागा अडकतो.

पुतणी: हे असं कुठं लिहिलेलं नसतं काका. तरी एक राहिलं. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही फितीची डळमळ सांभाळून घ्यायचा. पाल चित्राची एक ओळ 64 मायक्रोसेकंदांची. फीत ताणलेली असली की कुठली ओळ लवकर येते, कुठली उशिरा. टीव्हीला चालायचं. कॅप्चर मात्र गोंधळतं, फ्रेम टाकून देतं, आणि तासाभरानं नवरीचे ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. त्यासाठी टाइम बेस करेक्टर लागतो. तो महाग आणि दुर्मीळ. जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडला तर काही मॉडेल हे काम बऱ्यापैकी करतात.

काका: आणखी एक. कॅसेट लावायच्या आधी झाकण उचलून फीत बघायची. कडेला पांढरी जाळी दिसली की ती कॅसेट प्लेयरमध्ये घालायचीच नाही. बुरशी आहे ती. एक घातलीस की हेडला लागते, हेडवरून पुढच्या कॅसेटीला. लोणावळ्याला वर्षाला 4,000 मिलिमीटरच्या वर पाऊस, बहुतेक सगळा चार महिन्यांत. भिंतीला पाझर, चादरी ओल्या, तिथं फितीला काय विचारता? हे काम दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की. बुरशीवाल्या वेगळ्या पिशवीत बांधून ठेवायच्या आणि साफ करणाऱ्या जाणकाराकडं द्यायच्या.

पुतणी: म्हणजे भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगायचं ना?

काका: मी फक्त शिकवलं. करायचं की नाही, ते अजून ठरलेलं नाही. मला सांग, केलंस तर ठेवणार काय? मी म्हणतो, पंधरा मिनिटं काढ. अंतरपाट, हार, सप्तपदी, पाठवणी. एवढं मोबाइलवर पाठव. तीन तास पंगत कोण बघतंय?

पुतणी: मी उलट म्हणते. पंगतच ठेवायची. हार घालतानाचे फोटो अल्बममध्ये आहेतच. पंगतीत मात्र अख्खा गाव आहे. कोण कुणाशेजारी बसलं, वाढायला कोण, पत्रावळ की ताट, बायकांची पंगत किती वाजता, हे फोटोग्राफरनं टिपलेलंच नसतं. तुमचा कॅमेरा मात्र पोराच्या हातातल्या हॅलोजनच्या मागे मागे सगळीकडे फिरला.

काका: तो फिरला कारण गिऱ्हाईक म्हणायचं, सगळे पाहुणे आले पाहिजेत, नाहीतर रुसवे.

पुतणी: कारण काही का असेना, सगळे आले ना! म्हणून कापायचं नाही. आधी पूर्ण फीत, जशी आहे तशी, शक्य तितकी कमी दाबून. डीव्ही पद्धतीनं घेतलं तर तासाला सुमारे 13 जीबी. मोबाइलसाठीची फाइल दोन जीबीची झाली तरी पुरे, पण ती मूळ नाही, मुळातून काढलेली. मूळ फाइलमध्ये अर्ध्या फ्रेमा, म्हणजे सेकंदाला 50 फील्ड, तशाच राहू द्यायच्या. त्या जुळवायची चांगली पद्धत उद्या येईल. आज घाईनं जुळवून मूळ टाकलं तर परत मिळणार नाही.

काका: हे मी पाहिलंय. 2000 च्या आसपास सगळ्यांना व्हीसीडी हवी झाली. कॅसेटीवरून व्हीसीडी केली, ‘आता कॅसेट कशाला’ म्हणून फेकल्या. व्हीसीडीचं चित्र 352 बाय 288. आजच्या टीव्हीवर लावलं तर तोंडं चौकोनी ठोकळ्यांची. आणि त्या चकत्याही आता वाचत नाहीत.

पुतणी: म्हणजे मुद्दा मान्य?

काका: मूळ ठेवायचा मुद्दा मान्य. ते कुणी बघेल, हे मान्य नाही. आणि आवाजाचं काय करशील? तुला वाटतंय मंगलाष्टकं ऐकायला मिळतील. मिक्सिंगमध्ये त्याच्यावर सिनेमाची गाणी आहेत. गिऱ्हाइकालाच हवी असायची. वरातीत गाणं, हळदीला गाणं, पाठवणीला रडकं गाणं. खालचा बँड, सनई, बायकांची गाणी, सगळं पुसलेलं.

पुतणी: सगळ्या कॅसेटींवर?

काका: मिक्सिंग झालेल्यांवर. रॉ कॅसेट वेगळी असायची, ती बहुतेक वेळा पुढच्या लग्नाला परत वापरायचो, कॅसेटीला पैसे पडायचे. मागचं प्लास्टिकचं टिकलं तोडलं की वरून रेकॉर्ड होत नाही; पण लोक तिथं चिकटपट्टी लावून लग्नावर क्रिकेटची मॅच घ्यायचे.

पुतणी: कपाटातल्या कोणत्या आहेत?

काका: बाकी राहिली म्हणजे मिक्सिंगही झालं नाही. पैसे आल्याशिवाय मी मिक्सिंगला बसत नव्हतो.

पुतणी: काका! म्हणजे हे कपाट सगळं रॉ आहे. ज्यांनी पैसे दिले त्यांच्याकडं सिनेमाची गाणी, आणि ज्यांनी दिले नाहीत त्यांच्या लग्नाचा खरा आवाज इथं.

काका: असेल. तो मी मुद्दाम जपला नव्हता.

पुतणी: मुद्दाम जपलेलं थोडंच टिकतं. आणि मिक्सिंगवाल्यांचंही अगदीच गेलं असं नाही. हाय-फाय कॅमेऱ्यानं घेतलेल्या फितीवर आवाज दोन ठिकाणी असतो. एक कडेच्या सरळ पट्टीवर, दुसरा चित्राच्या तिरक्या रेघांबरोबर. त्याच फितीवर ऑडिओ डब केला असेल तर गाणं फक्त कडेच्या पट्टीवर जातं. प्लेयर हाय-फाय असेल तर आवाजाची निवड बदलून बघायची. खाली मूळ आवाज सापडू शकतो.

काका: दुसऱ्या कॅसेटीवर कॉपी काढताना गाणं भरलं असेल तर नाही सापडायचा. तरी बघायला हरकत नाही. ते गाणं मात्र तुला यूट्यूबवर नडेल. चढवलंस की लगेच कंपनीचा दावा.

पुतणी: यूट्यूबवर चढवायचंच नाहीये.

काका: मग कशासाठी? बघणार कोणी नाही, दाखवणार कोणाला नाही. तू माळ्यावरचा ढीग उचलून हार्डडिस्कवर ठेवणार, एवढाच फरक. माळ्यावर निदान धूळ दिसते. डिस्कवर पडलेलं तर आहे की नाही तेही कळत नाही. चालू करायला गेलं की टक-टक आवाज आणि संपलं.

पुतणी: म्हणून तीन प्रती. दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. जानेवारी 2003 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या फितींना आग लागली, प्रभातच्या चित्रपटांच्या निगेटिव्हही गेल्या. सरकारी संग्रहालयात असं होतं, तर आपली एक डिस्क ती काय! दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर हलवायचं, उघडतंय का ते तपासायचं.

काका: म्हणजे देवाच्या दिव्यासारखं, रोज तेल. हे कोण करणार? तू पुण्यात, तुझी पोरं उद्या आणखी कुठं. फीत तीस वर्षं कपाटात पडून आहे, तिला कुणी हात लावला नाही, तरी आहे. तुझी फाइल तीस वर्षं हात न लावता राहील का?

पुतणी: नाही राहणार. हा तुमचा मुद्दा मला खोडता येत नाही. म्हणून फाइल केली तरी कॅसेट फेकायची नाही. पण ‘बघणार कोण’ यावर मी हटणार नाही. शेजारच्या मुळशीतलं बघा. गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकरांनी गावोगावच्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, लाखाच्या वर. 1990 च्या दशकात त्यातल्या पुष्कळ टेपवर घेतल्या. तेव्हाही कुणी म्हणालं असेल, जाती बंद पडली, आता ओव्या कोण ऐकतंय. दोघंही गेली. आणि 2017 पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं त्या ओव्या इंटरनेटवर आणल्या. आज कुणीही ऐकतं.

काका: ओव्यांची गोष्ट वेगळी. त्या बायांनी आपणहून गायल्या, गोळा करणारे शिकलेले, टिपणं काढणारे. इथं कॅसेटीवर स्केचपेननं नवऱ्याचं आडनाव आणि तारीख. पुष्कळांवर तेही नाही.

पुतणी: आता तुम्ही मूळ गोष्टीवर आलात. त्या ओव्या आज उपयोगी आहेत कारण ओवीसोबत गाणारीचं नाव, गाव नोंदलेलं आहे. इतक्या वर्षांनी माणसं त्या त्या गावात त्या बायांना शोधत जाऊ शकली. नाव नसतं तर नुसता आवाज उरला असता. आपल्या कॅसेटींचं तसंच आहे. पिवळी पिन लावणं एका दुपारचं काम. पंगतीत तिसरी बसलेली म्हातारी कोण, हे सांगणारी माणसं मात्र कमी होत चाललीत. फीत अजून दहा वर्षं थांबेल कदाचित. ती नाहीत थांबणार.

काका: हे मात्र खरं. माझ्याच आठवणीत चेहरे आहेत, नावं गळायला लागलीत. पण तू एक विसरतेस. नावं विचारायला घरोघर गेलीस की लोक नुसती नावं नाही सांगणार. ज्या लग्नाचं शूटिंग केलं, त्यातली काही मोडली. कुणाची पहिली बायको फ्रेममध्ये, दुसरी घरात. ते व्हॉट्सअॅपवर गेलं तर काय होईल?

पुतणी: म्हणून विचारून.

काका: आणि जमीन? औंढ्यात तेव्हा मांडव ज्या शेतात पडले, तिथं आज कुंपणं आहेत, बंगले आहेत. भावाभावांत वाद आहेत. मागच्या बाजूला बांध दिसतो, विहीर दिसते, कोणाचं खळं कुठं ते दिसतं. उद्या कोणी म्हणेल, द्या ती कॅसेट, कोर्टात लावतो. मी कुणाच्या बाजूनं उभा राहू? मी तिथं शूटिंगला गेलो होतो, साक्षीला नाही.

पुतणी: ज्याचं लग्न, त्यालाच द्यायची. कायदाही जवळपास तेच सांगतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कुणी मोबदला देऊन फोटो किंवा फिल्म करून घेतली आणि वेगळा काही करार नसला, तर पहिला हक्क करवून घेणाऱ्याचा.

काका: मोबदला देऊन! इथंच तर घोडं अडलंय. दिलाय कुठं त्यांनी?

पुतणी: अॅडव्हान्स तर दिला असेल. आणि तुम्ही ठरवून गेलात, कॅमेरा लावलात, म्हणजे काम त्यांचंच. बाकीचा हिशेब वेगळा. माझ्या मते तर फक्त नवरा-नवरीचाच नाही, फ्रेममध्ये दिसणाऱ्या प्रत्येकाचा त्यात वाटा आहे. एखाद्या मुलीला तिची गेलेली आई त्या पंगतीत वाढताना दिसत असेल, तर तेवढा तुकडा तिला का मिळू नये?

काका: घरच्यांनी हो म्हटलं तर मिळावा. नाही म्हटलं तर नाही. तुझं ‘सगळ्यांचं’ मला पटत नाही. ते त्यांचं घर होतं, मांडव असला तरी घरच. मला आत बोलावलं म्हणून कॅमेरा आत गेला.

पुतणी: आणि दोघांपैकी एक हो म्हणालं, एक नाही?

काका: तर कपाटात राहील. घाई तुला आहे, कॅसेटीला नाही.

पुतणी: कॅसेटीला आहे काका, आत्ताच तर बुरशीचं सांगितलंत! निदान फाइल करून ठेवू द्या. देणं-घेणं पुढं.

काका: करून ठेव. पण माझ्या अटी ऐक. दिवाळीनंतर. एका वेळी एकच कॅसेट, आधी पूर्ण पुढे-मागे रिवाइंड करून, म्हणजे ताण सारखा होतो. बुरशीवाली शिवायची नाही. फाइलला नाव देताना गाव, साल, दोन्ही घरची आडनावं. मग ज्याचं लग्न त्या घरी निरोप द्यायचा, इथं येऊन बसा म्हणून, म्हाताऱ्या माणसांना घेऊन. टीव्हीवर लावायचं, तू लिहायला बसायचं. ते बोलतील ते सगळं लिहायचं, नुसती नावं नाही.

पुतणी: आणि तुम्ही म्हणत होता, बघणार कोण.

काका: एकटं बसून कुणी बघणार नाही, हे मी अजूनही म्हणतो. लग्न घरच्यांसोबतच बघायचं असतं. आणि माझी पंधरा मिनिटंवाली फाइलही कर. ती मी मागितली होती, विसरू नकोस.

पुतणी: करते. पण जुन्या बाकीचं काय करायचं? निरोप गेला की लोकांना पहिलं तेच आठवेल. लाजेनं येणारही नाहीत.

काका: निरोपातच सांगून टाक. जो येऊन नावं सांगेल, त्याला पूर्ण फाइल फुकट, बाकी माफ. आणि जो नुसता पेनड्राइव्ह पाठवून ‘भरून द्या’ म्हणेल, त्याच्याकडून तेव्हाची बाकी घेईन, आणि कॅप्चरच्या वायरीचे पैसेही.